‘फक्त चार दिवस यायचंय मॅडम’

फोन आला तेव्हा मी कुकरची तिसरी शिट्टी मोजत होते. व्हेंडरकडचा, म्हणजे कंपन्यांना कॉन्ट्रॅक्टवर माणसं पुरवणाऱ्या एजन्सीकडचा मुलगा होता, आवाजावरून पंचवीस-सव्वीसचा असेल, गोड बोलतात ही मुलं, आणि त्याने एका दमात सांगून टाकलं की मॅडम तुमचं प्रोफाइल क्लायंटला आवडलंय, रेट दोन लाख मिळेल महिन्याला, सहा महिन्यांची पीओ, म्हणजे कामाची लेखी ऑर्डर आहे, एक्स्टेन्शन होणारच, आणि आठवड्यातून फक्त चार दिवस हिंजवडीच्या आयटी पार्कला यायचंय. फेज थ्री.

त्या ‘फक्त’वर मी थांबले. मी राहते धायरीला. धायरी ते हिंजवडी फेज थ्री म्हणजे अंदाजे अठ्ठावीस किलोमीटर, गुगल मॅप रात्री दोन वाजता बघितला तर पाऊण तास दाखवतो आणि सकाळी आठला बघितला तर काय दाखवतो ते पुण्यातल्या माणसाला सांगायला नको.

दुसरीकडे एक काम माझ्या हातात जवळपास आलेलं होतं, एक लाख साठ हजारांचं, पूर्ण घरून. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे, सोळा वर्षं झाली, त्यातली शेवटची पाच कॉन्ट्रॅक्टवर. म्हणजे कंपनीची नोकरदार नाही, व्हेंडरला दर महिन्याला इनव्हॉइस पाठवते, ते १० टक्के टीडीएस कापून पैसे टाकतात, आणि क्लायंटच्या ऑफिसमध्ये मी कोण आहे हे माझ्या गळ्यातल्या पट्टीच्या रंगावरून कळतं. पर्मनंट लोकांची निळी, आमची केशरी.

तर चाळीस हजारांचा फरक. नवरा म्हणाला, अगं चाळीस हजार म्हणजे कमी नाहीत, घे की. मी म्हणलं थांब, आधी एक्सेल काढते.

आमच्या घरात एक्सेल काढणं म्हणजे पूर्वी पत्रिका बघायचे तसं आहे, ठरवायचं ते आधीच ठरलेलं असतं पण कागदावर गुण जुळवून बघायचे. तरी काढली. एका रकान्यात घर, दुसऱ्या रकान्यात हिंजवडी.

महिन्याचे २१ दिवस कामाचे धरले, दिवसाला ८ तास, म्हणजे १६८ तास. हे दोन्हीकडे सारखंच. हिंजवडीच्या रकान्यात १७ दिवस ऑफिस, आणि जाऊन-येऊन रोजचे सव्वातीन तास, हा आकडा मी आधीच्या एका कॉन्ट्रॅक्टच्या अनुभवावरून घातला, जास्तीचा नाहीये उलट पावसाळा त्यात धरलेलाच नाही. १७ दिवसांचे झाले ५५ तास. मग खर्च. रोजचे ५६ किलोमीटर, माझी गाडी त्या ट्रॅफिकमध्ये लिटरला १३ च्या वर जात नाही, पेट्रोल १०४ च्या आसपास, म्हणजे महिन्याला ७,६०० रुपये. सर्व्हिसिंग-टायर बाजूला टाकायचे २,०००. जेवण-चहा २,५५०. मुलगी सहावीत आहे, तीन वाजता घरी येते, तिला संध्याकाळपर्यंत बघायला शेजारच्या काकूंचं पाळणाघर, ५,५००. पोळ्यावाल्या मावशींना भाजीपण करायला सांगायची, त्याचे ३,००० जास्तीचे. आणि सीएचे २,०००, ते का ते पुढे सांगते. बेरीज २२,६५०.

घरच्या रकान्यात काय, ब्रॉडबँड, इन्व्हर्टर, वाढलेलं लाईटबिल, सगळं मिळून अडीच हजार.

आता दोन लाखांतून खर्च काढला आणि २२३ तासांनी भागलं तर तासाला ७९५ रुपये पडतात. एक लाख साठ हजारांतून अडीच काढून १६८ ने भागलं तर ९३७. म्हणजे जास्त पगाराच्या कामात माझा तास स्वस्त झाला. नवऱ्याला दाखवलं, तो म्हणाला हे तू तुझ्या बाजूने केलेलं गणित आहे.

खरंच होतं ते. बायकोच्या एक्सेलमध्ये चूक काढणं हा त्याचा आवडता छंद आहे पण यावेळी मुद्दा बरोबर होता. त्याचं म्हणणं, तू सरासरी काढतेयस, सरासरीने काय होतं, तू फक्त एवढंच बघ की हातात जास्तीचे किती येणार आणि त्यासाठी जास्तीचं काय द्यायचं. मग तसं मांडलं. हातात जास्तीचे येणार १९,८५०. द्यायचे ५५ तास. तासाला ३६१ रुपये.

आता हा आकडा मला जास्त लागला. कारण यात लपायला जागा नाही. टेस्टिंगच्या कामाला मी तासाला साडेनऊशेच्या आसपास घेते आणि माझ्याच गाडीची ड्रायव्हर म्हणून ३६१ ला तयार व्हायचं. वर चाळीस हजार जास्त मिळतायत असं जगाला सांगायचं.

सीएचं राहिलं. आमच्यासारख्या लोकांच्या आयुष्यात वीस लाखांची एक रेघ आहे. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या वर गेली की जीएसटी रजिस्ट्रेशन घ्यावं लागतं. एक लाख साठ गुणिले बारा, १९ लाख २० हजार, रेघेच्या आत. दोन लाख गुणिले बारा, २४ लाख, रेघेच्या बाहेर. जीएसटी माझ्या खिशातून जात नाही हे मान्य, १८ टक्के इनव्हॉइसमध्ये वर लावायचा, व्हेंडर देतो आणि स्वतःच्या जीएसटीतून वळता करून घेतो. पण व्हेंडर देतो कधी? साठ दिवसांनी. आणि सरकारला भरायचा कधी? पुढच्या महिन्याच्या वीस तारखेच्या आसपास. दोन लाखांवर छत्तीस हजार होतात, ते मी आधी भरायचे, मग ते येणार. म्हणजे माझे काही हजार कायमचे कुठेतरी रस्त्यात अडकलेले, अगदी माझ्यासारखेच. शिवाय रिटर्न भरा, तारीख चुकली तर लेट फी. कोणी म्हणेल उद्यम रजिस्ट्रेशन कर, छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचा नियम आहे. आहे माझं उद्यम. सर्टिफिकेट पीडीएफमध्ये पडलंय. ज्याने सहा महिन्यांनी पीओ वाढवायची त्याला नियम वाचून दाखवायची हिंमत अजून झालेली नाही.

इन्कम टॅक्सचं मात्र गंमतशीर निघालं. आयटीवाल्या फ्रीलान्सरना एक सोय आहे, हिशोबाच्या वह्या न ठेवता एकूण पावतीच्या निम्मी रक्कम उत्पन्न म्हणून दाखवायची. २४ लाखांचे निम्मे १२ लाख, आणि २०२५-२६ या वर्षापासून नव्या पद्धतीत १२ लाखांपर्यंत रिबेटमुळे टॅक्स शून्य. बरोबर काठावर! एफडीचं व्याज धरलं की पाय घसरला, पण तिथेही थोडी सवलत आहे म्हणून फार लागत नाही. म्हणजे टॅक्सने दोन्हीकडे मला सारखंच सोडलं. पण याची दुसरी बाजू अशी की निम्मे पैसे खर्च म्हणून धरूनच टाकलेले असल्यामुळे, मी घरी बसून शून्य पेट्रोल जाळलं काय आणि हिंजवडीला जाऊन दरमहा साडेसात हजारांचं जाळलं काय, सरकारच्या लेखी दोन्ही सारखंच. तो प्रवास कुठल्याच कागदावर उमटत नाही. इनव्हॉइसवर नाही, टाइमशीटवर नाही, रिटर्नमध्ये नाही. टाइमशीटमध्ये तर आठच्या पुढे आकडा टाकला की लाल होतं.

इथे मला बाबा आठवतात. बाबा पुणे-मुंबई अप-डाउन करायचे, डेक्कन क्वीनने, २२ वर्षं. फोर्टमधल्या एका बँकेत होते. रास्ता पेठेतल्या घरातून साडेसहाला सायकलवर निघायचे, स्टँडवर सायकल लावायची, सव्वासातची गाडी, दहा पंचवीसला व्हीटी. संध्याकाळी पाच दहाची परत, पुण्याला आठ पंचवीस, घरात पावणेनऊ. १९२ किलोमीटर जायचे आणि तेवढेच यायचे. लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांचेच बाबा फक्त रविवारी दिसतात. बँकेच्या वेळेत हे बसायचं कसं असं मी मोठेपणी विचारलं तर म्हणाले, साहेबपण आमच्याच डब्यात होता.

तो पासवाल्यांचा डबा हे एक वेगळंच गाव होतं. ठरलेल्या जागा, ठरलेले रमीचे पार्टनर, कुणाची मुलगी दहावीला, कुणाच्या आईचं ऑपरेशन, सगळं सगळ्यांना माहिती. डायनिंग कारमधलं कटलेट आणि टोस्ट महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी. १ जूनला गाडीचा वाढदिवस करतात, ती १९३० साली १ जूनला सुरू झाली म्हणून, हार-तुरे-केक सगळं असतं, आणि एका वर्षी बाबा मला घेऊन गेले होते, मी चौथीत असेन, केकचा तुकडा हातात धरून प्लॅटफॉर्मवर उभी होते आणि मला वाटलं होतं हे सगळं बाबांनीच ठरवलंय.

बाबा दिवसाला साडेसहा तास रेल्वेत असायचे आणि त्यांनी एकदाही त्याचा हिशोब मांडला नाही, हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला मग तू सव्वातीन तासांचं काय घेऊन बसलीयस. पण फरक आहे ना. बाबांची गाडी घाटात दोन तास अडकली, दरड कोसळली, पावसात रूळ पाण्याखाली गेले, तरी महिन्याच्या शेवटी पगार तेवढाच. रजा होती, मेडिकल होतं, सुट्टीतल्या प्रवासाचं भाडं मिळायचं, आणि रिटायर झाल्यावर अजून दर महिन्याला पेन्शन येतं. त्यांनी जे तास गाडीत घातले ते कुठेतरी साठत होते. माझे कुठे साठतात? माझ्याकडे सहा महिन्यांची पीओ आणि ‘एक्स्टेन्शन होणारच मॅडम’ आहे. मी एक दिवस ताप म्हणून पडले तर त्या दिवसाचे पैसे नाहीत. नो वर्क नो पे. पीएफ नाही, ग्रॅच्युइटीचा प्रश्नच नाही. कॉन्ट्रॅक्टवाल्याला रेट जास्त मिळतो तो या सगळ्याचा मिळून मिळतो, त्यात अजून रस्ता पण कोंबायचा म्हणजे त्या रेटच्या पिशवीला शिवण किती तग धरणार.

आणि बस. हे मला सगळ्यात जास्त टोचतं म्हणून सांगते. आधीच्या कॉन्ट्रॅक्टला क्लायंटच्या पर्मनंट लोकांना कंपनीची बस होती. सिंहगड रोडवरून यायची, माझ्या घरापासून सात मिनिटांवर थांबायची. व्हेंडरवाल्यांना नाही. पॉलिसी. मी विचारलं होतं, पैसे देते म्हणलं, तरी नाही. मग रोज सकाळी मी त्याच बसच्या मागे माझी गाडी घेऊन, नवले पुलापासून पुढे वारज्यापर्यंत, कधी चांदणी चौकापर्यंत. बसच्या काचेला डोकं टेकून झोपलेले लोक दिसायचे, मानेभोवती ती गोल उशी असते ना, ती घालून. त्यात एक माझ्याच टीममधली होती. साडेनऊच्या मीटिंगला आम्ही दोघी एकत्रच पोचायचो, ती झोप काढून आणि मी क्लच दाबून.

तो रस्ता मला आता पाठ आहे. नवले पुलाच्या उतारावर ट्रक मागे असला की पोटात गोळा येतो तो वारज्यापर्यंत जात नाही. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ ला मध्यरात्रीनंतर स्फोट करून पाडला, अख्खं पुणं जागं राहून बघत होतं, आम्ही पण मुलीला उठवून बसवलं होतं, आणि तो काही एका झटक्यात पडला नाही, शेवटी मशीन लावून पाडावा लागला. पुढच्या ऑगस्टमध्ये नवीन झालं सगळं, चकाचक. चौक मोकळा झाला हे खरंच. पण मोकळ्या चौकातून लोक लवकर निघून भूमकर चौकात लवकर पोचायला लागले. तिथून पुढे मग गाडी चालवणं नसतंच, ब्रेक सोडणं आणि धरणं असतं. शेजारच्या गाडीत कोणी ट्रिमरने दाढी करतंय, कोणी डॅशबोर्डवर लॅपटॉप ठेवून मीटिंगला मान हलवतंय, एकदा एक बाई लेकीची वेणी घालत होत्या पूर्ण, रिबिनीसकट, आणि सिग्नल एकदाही सुटला नाही. मेट्रोची लाइन आहे हिंजवडी ते शिवाजीनगर, २३ किलोमीटरची, चांगलं आहे, पण ती बाणेर-बालेवाडीकडून जाते, धायरीच्या माणसाने ती बघायलाच आधी तासभर जायचं.

आणि जुलैमधला एक दिवस. साडेचारला आभाळ फुटलं, सहाला निघाले, फेज थ्रीमधून फेज वनला यायलाच दीड तास, रस्त्यात गुडघाभर पाणी, बाइकवाले पुलाखाली रेनकोटमध्ये घोळक्याने उभे. मुलीचा फोन, आई मी वरणभात खाऊ का काकूंकडे. खा म्हणलं. मग साडेआठला फोन, आई मी इथेच झोपू का. घरी पोचले दहा वाजता. चार तास. त्या दिवशी गाडी पार्किंगला लावून मी दहा मिनिटं आतच बसून राहिले, रडले वगैरे नाही, नुसती बसून. वॉचमनने येऊन काच वाजवली, मॅडम बरं वाटत नाही का.

इथपर्यंत वाचून वाटेल की मग काय, घरचं काम घे आणि मोकळी हो. मलाही तसंच वाटत होतं. पण एक्सेलमध्ये एक खोट होती, ती नवऱ्याला नाही, मलाच सापडली, कारण ती माझ्या अंगावर येऊन गेलेली आहे.

पहिली गोष्ट, ते ५५ तास मी न विकता घरी ठेवले तर त्यांचं मी करते काय? मागच्या दोन वर्षांत पूर्ण घरून काम होतं, तेव्हा हे तास माझ्याकडेच होते. प्रामाणिकपणे आठवून बघितलं. सकाळचा अर्धा तास चालणं, हे झालं, पण रोज नाही. मुलीचं गणित, हो. आईला गुडघ्याच्या फिजिओथेरपीला नेणं, आठवड्यातून दोनदा, तेही झालं, त्याला मी किंमत लावणार नाही. बाकीचे तास? सोसायटीतल्या अकरा घरांची पार्सलं मी घेतली. गॅसवाला आला, मी. पाण्याची टाकी धुणारे आले, मी. ‘तू घरीच असतेस ना’ हे वाक्य ज्याने ऐकलंय त्याला कळेल. नणंदेने एकदा तिच्या सासूबाईंना दुपारभर आणून बसवलं होतं, मी कॉलवर होते, मागून त्या विचारतायत अगं हा गोरा कुठला. आणि उरलेला वेळ मोबाईलने खाल्ला, खोटं कशाला बोलू. शिवाय घरून काम करणाऱ्याचं ऑफिस सुटत नाही, जे आठ तास मी हौसेने ३६१ पेक्षा महाग ठरवले ते आठ नव्हतेच, नऊ-साडेनऊ होते, फक्त टाइमशीटमध्ये लाल होऊ नये म्हणून आठ.

दुसरी गोष्ट मोठी. त्या दोन वर्षांच्या घरच्या कॉन्ट्रॅक्टचा शेवट कसा झाला ते सांगते. बजेट कमी झालं. टेस्टिंगमध्ये आम्ही दोघी कॉन्ट्रॅक्टवर होतो, मी आणि एक बावधनची मुलगी, ती आठवड्यातून तीन दिवस ऑफिसला जायची, मनाने, तिला कोणी सांगितलं नव्हतं. एकीला ठेवायचं होतं. तिचं काम माझ्यापेक्षा वाईट नव्हतं, चांगलंही नव्हतं. मला कळवणारा कॉल अकरा मिनिटांचा झाला, त्यातली दोन मिनिटं मॅनेजरचा आवाज येत नव्हता. दोन वर्षांत त्याने मला कॅमेऱ्यावर पंधरा-वीस वेळा बघितलं असेल. ती आली की तो तिच्याबरोबर टपरीवर चहा प्यायचा, तिला कुठल्या शाळेत मुलाची ॲडमिशन मिळाली नाही हे त्याला माहिती होतं. अशा माणसाला काढताना जीभ जड होते. मला काढताना फक्त नेटवर्क जड होतं.

मी त्याला दोष देत नाही, मी पण तेच केलं असतं.

मग मागचे हिशोब काढले. पाच वर्षांत मला कामं मिळाली चार. त्यातलं एक पोर्टलवरून. एक जुन्या मैत्रिणीकडून. बाकीची दोन हिंजवडीच्या कँटीनमध्ये ज्यांच्या शेजारी बसून डबा खाल्ला त्या लोकांकडून, त्यातल्या एकाने तर कंपनी बदलल्यावर पहिल्याच आठवड्यात फोन केला, तुझं चालू आहे का कुठे. पर्मनंट माणसाला ऑफिसला जाऊन हजेरी मिळते, आमच्यासारख्यांना पुढचं काम मिळतं. म्हणजे तो रस्ता नुसता खर्च नव्हता, ती माझी जाहिरात होती. पाटी रंगवायला पैसे लागतात तसं पेट्रोल.

फक्त पाटी रोज रंगवत नाहीत. डबा खाऊन ओळख होते ती पहिल्या दीड-दोन महिन्यांत होते. त्यानंतर आठवड्यातून चार दिवस गेलं काय आणि दोन दिवस गेलं काय, टपरीवाल्याला तुमची साखर कमी हे तेवढंच आठवतं. पहिल्या महिन्याचा प्रवास आणि पाचव्या महिन्याचा प्रवास एकाच भावाचे नाहीत, आणि मी आणि नवरा मूर्खासारखे दोन्ही एकाच रकान्यात बेरजेला घालत होतो.

म्हणून मी त्या मुलाला फोन केला. म्हणलं, पहिला महिना मी चार दिवस येते. दुसऱ्यापासून दोन दिवस, मंगळवार आणि गुरुवार. तो म्हणाला मॅडम मग रेट कमी होईल. म्हणलं माहितीये, एक पासष्ट कर. तो गप्प. मला वाटतं त्याला पहिल्यांदाच कोणी आपणहून खाली आलेलं असेल. म्हणाला मॅडम मी एक ऐंशीला ट्राय करतो ना, कशाला एवढं. मी त्याला वीस लाखांच्या रेघेचं सांगायला गेले, एक पासष्ट गुणिले बारा म्हणजे १९ लाख ८०, आत बसतं, एक ऐंशीला परत जीएसटी आणि छत्तीस हजारांऐवजी बत्तीस हजार रस्त्यात, पण अर्ध्यातच माझ्या लक्षात आलं की तो टाइप करतोय, ऐकत नाहीये. नवऱ्याच्या मते हा शुद्ध वेडेपणा आहे, महिन्याचे पंधरा हजार रिटर्न भरायच्या कंटाळ्यापायी सोडले. असेल. कंटाळ्याला पण रेट असतो, माझा पंधरा हजार निघाला.

“आणि मॅडम, गुरुवारच का? क्लायंट बुधवार म्हणू शकतो.”

“गुरुवारी आमच्याकडे लाईट जाते.”

क्लायंटकडून पाच दिवसांनी उत्तर आलं. पहिले दोन महिने चार दिवस, मग दोन. रेट एक पासष्ट. गुरुवार मान्य. दोन महिने म्हणजे माझ्या मनातल्यापेक्षा एक जास्त, त्या एका जास्तीच्या महिन्याचं गणित मी मुद्दाम केलं नाहीये.

सुरू होऊन तीन आठवडे झाले. सकाळी सहा चाळीसला निघते, म्हणजे भूमकर चौक पेटायच्या आत पार होतो, आठच्या आधी पोचते आणि फेज थ्रीच्या टपरीवर बसून राहते. गेटवर रोज लॅपटॉपचा सिरियल नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा असतो, केशरी पट्टीवाल्यांनीच, तो आता तोंडपाठ झालाय, स्वतःच्या गाडीचा नंबर विचारला तर तोच सांगेन.

रविवारी रास्ता पेठेत गेले होते. बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, ऐकायला जरा कमी येतं. आईने आधीच सांगितलेलं होतं त्यांना की हिला नवीन काम लागलंय, लांब जावं लागतं. रेट किती, कंपनी कुठली, किती दिवसांचं, यातलं काही विचारलं नाही. पहिला प्रश्न, “बसायला मिळतं का?”

मी हसले. म्हणलं बाबा माझी गाडी आहे, मीच चालवते, बसूनच असते.

त्यांनी थोडा विचार केला.

“मग झोप कधी काढतेस?”